खडा गेला, नळी राहिली



अर्ज भरून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. बाळकुमचे एक नाका-कामगार असेच फाईल घेऊन आले. मुतखड्याचे ऑपरेशन झालेले. कागद चाळताना एक ओळ दिसली : ‘नळी काढण्यासाठी ४ आठवड्यांनी यावे.’ त्याला आठ महिने उलटले होते. विचारले तर म्हणाले, “भाऊ, खडा गेला, दुखणे थांबले. आता कामाचा खाडा कशाला?”

मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची बारीक मूत्रवाहिनी जाते. तीत अडकलेला ४-५ मिलिमीटरचा खडा बहुधा आपोआप पडतो. १० मिलिमीटरच्या पुढचा क्वचितच. पूर्वी अशा खड्यासाठी कूस कापावी लागे. १९८० साली स्पेनचे डॉ. पेरेझ-कास्त्रो यांनी थेट मूत्रपिंडापर्यंत पोचणारी दुर्बीण वापरात आणली. आज लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून लेसरने खड्याचा चुरा करतात. छेद नाही, टाका नाही.

पण आतून सूज येते. लघवी तुंबू नये म्हणून पुष्कळदा आत एक मऊ नळी ठेवतात. तिलाच डी.जे. स्टेंट म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून विसरली जाते. वेळेत काढली तर काही मिनिटांचे काम. राहिली तर तिच्यावर क्षार साचून तीच खडा बनते, जंतुसंसर्ग होतो, मूत्रपिंडही निकामी होऊ शकते.

त्या गृहस्थांच्या नळीवर क्षार चढले होते. दोन वेळा ऑपरेशन झाले. एका दिवसाचा खाडा वाचवायला गेले आणि महिन्याची मजुरी बुडाली.

म्हणून रुग्णालयातून निघतानाच विचारा, “आत नळी आहे का? कधी काढायची?” ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. थंडी-ताप भरला किंवा लघवी बंद झाली, तर तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियाही आहेत; योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

आपल्या घरात कुणाचे असे ऑपरेशन झाले असेल, तर आजच फाईल काढून ती शेवटची ओळ वाचा.