उत्तर नाही म्हणजे नकार नाही

गेल्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे अमेरिकेत पीएच.डी. करायचं ठरवलंय. "दादा, पन्नास प्रोफेसरांना मेल केले. एकाचंही उत्तर नाही. आता अर्जच करू नये असं वाटतंय."

तिचा मेल मागवून वाचला. आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. बी.ई.च्या शेवटच्या वर्षी मीही अगदी असाच मेल लिहिला होता. 'रिस्पेक्टेड सर, आपल्या संशोधनात मला अतिशय रस आहे.' कोणत्या संशोधनात, ते नाही. त्यातले दोन 'सर' तर बाई होत्या! उत्तरं आली नाहीत, तो मी नकार समजलो आणि अर्ज न करता नोकरीला लागलो. नोकरीबद्दल तक्रार नाही. पण मला कुणी नाही म्हटलंच नव्हतं, हे कळायला फार वर्षं गेली.

म्हणून तिला सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी मेलची गरज आहे का, ते बघा. अमेरिकेत नुसत्या कोर्सेसचं एम.एस. करायचं असेल तर सहसा नसते. कॉम्प्युटर सायन्सच्या पीएच.डी.चे प्रवेशही तिथे बहुतेक ठिकाणी समिती ठरवते. कित्येक प्रोफेसर आपल्या पानावर स्वच्छ लिहितात, 'मेल करू नका, अर्जात माझं नाव घाला.' ते पान न वाचता मेल केला तर उत्तर येणार कसं? जर्मनीत मात्र मार्गदर्शक मिळवणं हीच बऱ्याचदा पहिली पायरी असते, आणि कॅनडात संशोधनाच्या मास्टर्ससाठीही अनेक विभाग आधी मार्गदर्शकाची संमती मागतात.

नावं शोधताना विद्यापीठाच्या क्रमवारीपासून सुरुवात करू नका. तुम्हाला खरोखर आवडलेला एखादा पेपर घ्या. आपल्या क्षेत्रात बहुतेकदा पहिलं नाव विद्यार्थ्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं असतं (थिअरीत नावं आद्याक्षरांप्रमाणे लावतात, तिथे हा नियम चालत नाही). त्या पेपरच्या संदर्भयादीतून पुढची नावं मिळतात. मग गुगल स्कॉलर किंवा डीबीएलपीवर बघा, गेल्या दोन-तीन वर्षांत ते त्याच विषयावर काम करताहेत का. निवृत्त झालेत का? त्यांचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, कुठे गेले? नव्याने रुजू झालेल्या असिस्टंट प्रोफेसरांना विद्यार्थी हवे असतात, त्यांना वगळू नका. आणि त्यांच्या सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्यालाही लिहा. सर-मॅडम कसे आहेत, हे तोच खरं सांगेल.

मेल दहा-बारा ओळींचा पुरे. 'डिअर प्रोफेसर' आणि पुढे आडनाव. तुम्ही कोण, त्यांचा कोणता पेपर वाचलात, त्यात कुठे अडलात किंवा पुढे काय करून बघावंसं वाटलं, तुम्ही स्वतः काय केलंय, आणि शेवटी थेट प्रश्न: पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का? सोबत सीव्हीची पीडीएफ. अमेरिकेतल्या बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबरात संपते, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात लिहा. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग थांबा.

एवढं करूनही उत्तर येईलच असं नाही. त्यांच्याकडे असे ढीगभर मेल येतात. पण अर्ज वाचणारी समिती तुमचा मेल बघत नाही, अर्ज बघते.

बहिणीने पन्नासांची यादी आठांवर आणली. एकेका नावाला दोन-दोन संध्याकाळी दिल्या. दोघांच्या पानावर मेल नको असं होतं, म्हणून सहाच मेल गेले. एक उत्तर आलं: यंदा मी विद्यार्थी घेत नाही, पण तुमचा प्रश्न चांगला आहे, माझ्या अमुक सहकाऱ्यांना विचारा.

बाकी पाच जण अजून गप्प आहेत. अर्ज मात्र ती त्यांच्याकडेही करणार आहे.