सहा हजारांचे विमान



१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून आलेले पहिले प्रवासी विमान उतरले. त्या वर्षीच्या दिवाळीत अकोल्याहून मुलीचा फोन आला. "बाबा, तुमच्या नातवाने विमान मागितले आहे. सहा हजार रुपये म्हणतो. यांनी सरळ नाही म्हटले, आता तुम्ही समजवा."

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. नातू नववीत आहे. घरच्या संगणकावर तो 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' चालवतो. त्यात पृथ्वीचे बरेचसे चित्र उपग्रह-छायाचित्रांवरून घेतलेले असते. त्याने मला मेळघाटाच्या रांगा, चिखलदरा आणि मुक्तागिरीचा परिसर आकाशातून दाखवला होता. या मूळ सॉफ्टवेअरबरोबर काही विमाने येतात. याखेरीज निरनिराळ्या छोट्या कंपन्या अधिक बारकाईने घडवलेली विमाने स्वतंत्रपणे विकतात. त्यांना 'अ‍ॅड-ऑन' म्हणतात. नातवाला हवे होते ते बोइंग ७३७ असे अ‍ॅड-ऑन होते आणि त्याची किंमत पंचाहत्तर डॉलरच्या घरात होती.

मी सदतीस वर्षे बँकेत काढली. आपल्या व्यापारी घरांत खर्चाचे दोन निकष पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. वस्तू हातात यावी आणि उद्या विकली तर काही मोल यावे. हे विमान दोन्ही निकषांवर नापास होते. ते हातात धरता येत नाही, आणि त्याचा परवाना खरेदीदाराच्या नावावर असल्याने ते दुसऱ्यास विकताही येत नाही. "खेळण्याला सहा हजार? फुकट मिळते त्यात समाधान मान," असे सांगून मी फोन ठेवला. कर्जाचा अर्ज न वाचता परत पाठवणारा अधिकारी मला कधी आवडला नाही. त्या दिवशी मी तेच केले.

माघ महिन्यात अकोल्याला गेलो तेव्हा नातवाने मोठ्या उत्साहाने संगणकासमोर बसवले. पडद्यावर तेच बोइंग ७३७ उभे होते. पैसे कोणी दिले असे विचारताच तो म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना आजोबा, फुकटचे घे. मित्राने लिंक दिली." ती चोरून फोडलेली प्रत होती. ती चालवण्यासाठी संगणकाचे विषाणूरोधक सॉफ्टवेअर बंद करावे, अशी सूचना सोबतच्या फाइलीत होती, आणि त्याने ती पाळली होती. त्याच संगणकावर जावईबापूंच्या आडत दुकानाचा सगळा हिशेब, शेतकऱ्यांची देणी आणि जीएसटीची विवरणपत्रे होती.

सुदैवाने काही हरवले नाही. पण जाणकारास बोलावून सगळा हिशेब बाजूला काढणे, संगणक पुसून नव्याने मांडणे यात दोन दिवस गेले. नव्या तुरीची आवक जोरात असताना दुकानात दोन दिवस हाताने पावत्या फाडाव्या लागल्या. बिल अठराशे रुपये झाले. जावईबापू रागावले. मुलगी गप्प होती. नातू रडवेला होऊन एवढेच म्हणाला, "मी कोणाचे काही उचलून आणले नाही. तिथे होते, घेतले."

त्याचे हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिले, कारण आपल्यापैकी अनेकांची समजूत अशीच आहे. चित्रपट, पुस्तकांच्या पीडीएफ, हिशेबाचे सॉफ्टवेअर, जे पडद्यावर सापडते ते जणू बेवारस असते. आपला शब्द मात्र फार काटेकोर आहे. आपण चोरीला 'अदत्तादान' म्हणतो, म्हणजे न दिलेले घेणे. मालकाने दिले का, एवढाच त्यात प्रश्न आहे. वस्तू तिजोरीत होती की रस्त्यात, तिला वजन होते की नव्हते, याला त्यात जागा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील 'तदाहृतादान' म्हणजे चोराने आणलेला माल घेणे आणि 'प्रतिरूपक व्यवहार' म्हणजे बनावट मालाचा व्यवहार. आपला कोणताही प्रामाणिक आडत्या चोरीच्या गाडीतील पोते कितीही स्वस्त मिळाले तरी उतरवून घेत नाही. फोडलेली प्रत हे तसेच पोते आहे.

सकाळी मी नातवाला हे सांगितले आणि त्याबरोबर स्वतःची चूकही कबूल केली. अर्ज न वाचता नाकारला होता. आता तो वाचायचे ठरवले. त्याला म्हणालो, "हे विमान सहा हजारांचे का, हे मला समजावून सांग." त्यातून जे कळले ते येथे मांडतो, कारण अशी मागणी आज ना उद्या तुमच्याही घरी येईल.

पहिली गोष्ट म्हणजे या छंदात कोणास मारायचे नसते. प्रवासी विमान चालवायचे, प्रवाशांना सुखरूप पोहोचवायचे, एवढेच ध्येय. बाजारातील बहुसंख्य खेळ बंदुकीवर चालतात. ते पाहता आपल्या घरात हा छंद सहज सामावतो.

दुसरी गोष्ट कष्टाची. साध्या विमानात बाहेरचे रूप खरे असते, पण कॉकपिटमधील कित्येक बटणे नुसती रंगवलेली असतात. चांगल्या अ‍ॅड-ऑनमध्ये बॅटरी, इंधनाचे पंप, हायड्रॉलिक दाब, मार्ग नोंदवण्याचा संगणक हे सगळे खऱ्या विमानाच्या क्रमाने चालते. एक पायरी चुकली की पुढची अडते. थंड उभे असलेले विमान उड्डाणास सिद्ध करण्यात नवख्याचा अर्धा तास सहज जातो. असे एक विमान तयार करायला जाणकारांच्या चमूची काही वर्षे खर्ची पडतात. किंमत त्या कष्टाची असते.

तिसरी गोष्ट विविधतेची. येथे माझा विशेष गोंधळ होता, सगळी विमाने मला सारखीच वाटत. बोइंग ७३७ मध्ये वैमानिकापुढे दांड्यावर बसवलेले चाकासारखे सुकाणू असते. १९८८ साली सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० मध्ये बाजूला छोटी काठी असते. वैमानिकाची आज्ञा आधी संगणकाकडे जाते आणि विमान ठरावीक मर्यादेपलीकडे कलू लागले तर तो संगणक ते रोखतो. एकाच कामाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत. जुन्यांपैकी डग्लस डीसी-३, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांचे 'डाकोटा', हेही यात मिळते. त्याची गोष्ट विदर्भाशी जोडलेली आहे. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. हे मी नातवाला सांगितले तेव्हा त्याने त्याच रात्री मुंबई ते नागपूर डाकोटा नेले. इतिहासाच्या पुस्तकातील कोणत्याही धड्यासाठी तो इतका वेळ जागा राहिला नव्हता.

चौथी गोष्ट, न विकत घेताही प्रामाणिकपणे मिळणारी विमाने आहेत. 'फ्लाय-बाय-वायर' नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने ए-३२० घडवून सर्वांस विनामूल्य दिले आहे. 'फ्लाइटगिअर' हे सबंध सिम्युलेटरच १९९७ पासून स्वयंसेवकांच्या श्रमातून मोफत उपलब्ध आहे. चोरलेले फुकट आणि दिलेले फुकट यांत काय अंतर आहे, हे मुलाला याहून सोप्या रीतीने मला सांगता आले नसते. दुसरे दान आहे.

आता हिशेब. छापील किंमत हीच अंतिम किंमत नसते. परदेशी चलनातील व्यवहारावर बँक बहुधा २ ते ३.५ टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी लावते. कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार आपण स्वतः सुरू केल्याशिवाय होत नाहीत. काम झाले की तो पर्याय पुन्हा बंद करावा आणि मुलाच्या हाती कार्ड देऊ नये. जगभरचे हवाई मार्गांचे तपशील दर २८ दिवसांनी नवे होतात. ते घरच्या विमानात ताजे ठेवायचे तर वेगळी वर्गणी पडते. शिकणाऱ्यास तिची आवश्यकता नाही. सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली, जशी २०२० नंतर २०२४ मध्ये आली, की जुने विमान तिच्यात चालेल का, चालल्यास वेगळे पैसे लागतील का, हे खरेदीपूर्वी वाचावे. आणि मुख्य म्हणजे संगणक पुरेसा सक्षम आहे का ते पाहावे. नाहीतर सहा हजारांच्या विमानापायी साठ हजारांची यंत्रसामग्री मागे लागते.

हे सगळे मांडून झाल्यावर नातवाशी करार केला. आपल्याकडे परिग्रह-परिमाण व्रत आहे. धान्य, सोने, वास्तू यांना मर्यादा घालतात, तशी त्याच्या संगणकावरील विमानांना घालायची. या छंदातील अनेकांकडे पंचवीस-तीस विकतची विमाने असतात आणि एकही पूर्ण चालवता येत नाही, हे त्यानेच सांगितले. तेव्हा नियम असा ठरला: विकतचे विमान एकच. त्याआधी तीन महिने मोफतचे ए-३२० चालवायचे, प्रत्येक उड्डाणाची वहीत नोंद ठेवायची, आणि विमान सिद्ध करण्याचा क्रम न पाहता सांगता आला की पैसे मी देईन. संध्याकाळी चौविहारानंतर एक तास, परीक्षेच्या काळात आणि पर्युषणात पूर्ण त्याग.

वैशाखात वही घेऊन तो अमरावतीला आला. त्यात एकेचाळीस उड्डाणे होती, चुकांसह. क्रम त्याने अडखळत पण पूर्ण सांगितला. मी कार्ड काढले तर म्हणाला, "आजोबा, बोइंग नको. एटीआर घ्या." बेलोऱ्याला उतरते ते एटीआर ७२-६००, पंख्याचे, सुमारे सत्तर प्रवाशांचे. सिम्युलेटरमधील त्याची प्रत वीस डॉलरच्या आसपास होती, म्हणजे बोइंगच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. कारण विचारले तर उत्तर तयार होते: "बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर. बोइंग भरलेले असेल तर उन्हाळ्यात पुरणार नाही. आपल्या गावाला जे विमान लागते ते शिकतो." बँकेतील माझ्या उमेदवारीच्या काळात गरज पाहून मागणी कमी करणारा कर्जदार क्वचितच भेटला होता.

त्या सुट्टीत त्याने माझ्यासमोर एक प्रयोग केला. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी सुमारे १,४०० मीटर आहे आणि तेथे नियमित प्रवासी सेवा नाही. त्याने एटीआर शिवणीला उतरवले. उतरले सहज. मग दुपारचे बेचाळीस अंश तापमान ठेवून, भरलेल्या विमानाने उड्डाण करायला गेला, तर धावपट्टी संपली आणि चाके जमिनीवरच होती. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचे बळही घटते, म्हणून धाव लांबते. पहाटेचे तापमान ठेवून आणि प्रवासी कमी करून तेच विमान उडाले. पुन्हा तो हिशेब त्याने कागदावर मांडला. धावपट्टी वाढावी असे अकोलेकर का म्हणतात, हे मला वर्तमानपत्रापेक्षा त्या कागदावरून अधिक कळले.

एक सावधगिरी मात्र पालकांना सांगितली पाहिजे. घरच्या सिम्युलेटरचे तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत. व्यावसायिक परवान्यासाठी प्रत्यक्ष विमानातील किमान २०० तास लागतात, वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते, आणि आजवरच्या नियमांत बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय आवश्यक मानले गेले आहेत. आपल्या घरांतून दहावीनंतर मुलाला न विचारता वाणिज्य शाखेत घालण्याची रीत आहे. मी स्वतः एम.कॉम. आहे आणि त्या शाखेचा ऋणी आहे. पण बेलोऱ्यालाच वर्षाला १८० वैमानिक घडवू शकेल अशी प्रशिक्षण संस्था उभारण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. तेव्हा शाखा निवडण्यापूर्वी मुलाची वही एकदा उघडून पाहावी.

आमचा नातू वैमानिक होईल की आडतीवर बसेल, ते काळ ठरवील. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याने खरेदीची पावती चिकटवली आहे. त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: विमाने १, शिल्लक इच्छा ३, मुदत पुढील दिवाळी. दुकानाच्या खातेवहीतही इतकी स्वच्छ नोंद क्वचित सापडते, असे जावईबापू म्हणाले.