घरबसल्या नोकरी आणि तीन हजार रुपये



दिवाळीच्या सुटीनंतर आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आईला घेऊन माझ्याकडे आली. बी.कॉम. झालेली, पदरात लहान मूल. मोबाइलवर तिला निरोप आला होता : नामांकित कंपनीचे 'कस्टमर केअर'चे काम, घरी बसून, महिना बावीस हजार, इंटरव्ह्यू नाही. लगोलग नेमणूकपत्रही आले, सही-शिक्क्यासह. मग लॅपटॉपची अनामत म्हणून तीन हजार रुपये गेले. पुढे 'जीएसटी' म्हणून आणखी रक्कम मागितली तेव्हा तिला शंका आली. "सर, हे खरं असेल का?" तिने विचारले. आई मध्येच म्हणाली, "आणि नसलं तर घरी काय सांगायचं?" हा दुसरा प्रश्न मला अधिक टोचला. घरी सांगायची लाज, हेच या लबाडांचे खरे भांडवल.

घरून फोनवर ग्राहकांशी बोलण्याचे काम मुळात खोटे नाही, हे आधी स्पष्ट करतो. पूर्वी कॉल सेंटरला कर्मचारी घरी बसवायचे तर दूरसंचार विभागाच्या जाचक अटी असत. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या बऱ्याच सैल झाल्या, जून २०२१ मध्ये आणखी. जून २०२० मध्येच अ‍ॅमेझॉनने ग्राहक-सेवेत सुमारे वीस हजार हंगामी जागा जाहीर केल्या होत्या. बहुतेक घरून करायच्या, आणि बहुतेकांना पात्रता बारावी पास. शहरांच्या यादीत आपले इंदूर आणि भोपाळ होते.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? मला लिज्जत पापडाचे उदाहरण द्यावेसे वाटते. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन ते काम सुरू केले. तिथे बाई मळलेले पीठ घरी नेते, लाटलेले पापड आणून देते आणि मजुरी घेते. पापड कसा लाटला आहे हे तपासले जाते. घरबसल्या कामाची रीत ही अशी असते : काम पारखून घेतात आणि पैसा कामगाराकडे येतो. जिथे पारख काहीच नाही आणि पैसा उलट दिशेने वाहतो, तिथे नोकरीच नाही. नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश, अनामत, नाव काहीही देवोत.

खरी कंपनी तुमचा आवाज ऐकते, टायपिंग पाहते, व्हिडिओवर मुलाखत घेते, रात्रपाळी जमेल का विचारते. घरी चांगले ब्रॉडबँड असावे, ही अट ती घालू शकते. पण ते तुम्ही बाजारातून घेता, तिला पैसे देत नाही. निरोपातल्या लिंकवर न जाता कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ उघडा आणि ती जागा तिथे आहे का बघा. सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल २०१५ पासून आहे, त्यावर उमेदवाराची नोंदणी मोफत होते. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. 'तुमच्या खात्यातून पैसे फिरवा, कमिशन घ्या' असे कोणी म्हणाले तर ते चोरीच्या पैशाचे काम समजा. खाते गोठते आणि पोलीस तुमच्या दारी येतात. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० वर फोन करा.

आता आपल्या गावाची अडचण. खऱ्या कामाला शांत खोली लागते. ज्या घरात खाली पॉवरलूमचा खडखडाट आणि वर एकच खोली, तिथली हुशार मुलगीही आवाजाच्या चाचणीत मागे पडते. त्यात वीज गेली की संपलेच. खोटे काम मात्र कोणत्याही घरात चालते, म्हणून ते लवकर पोहोचते.

जमेची बाजू भाषेची. मी स्वतः हिंदी माध्यमातून शिकलो, मराठी घरची. २०२० च्या त्या जाहिरातीत इंग्रजीबरोबर हिंदी होती, मराठी नव्हती. पण मराठी ग्राहकांसाठी 'मराठी प्रोसेस' म्हणून जागा निघतात. आपली मुले दोन्ही बोलतात. फक्त एकाच वाक्यात दोन्ही बोलतात, माझ्यासकट! त्या वेगळ्या ठेवायचा सराव वर्गात करता येईल.

विश्वस्तांना माझी विनंती आहे. संगणक कक्ष संध्याकाळी दोन तास माजी विद्यार्थ्यांना ऑनलाइन चाचणी आणि मुलाखतीसाठी उघडा ठेवावा. तिथे इन्व्हर्टर आहे, दार बंद होते. एक शिक्षक असावा. कोणाला नेमणूकपत्र आले तर पैसे देण्याआधी त्याने वाचून द्यावे. शाळा म्हणजे नोकरी कचेरी नव्हे, असे कोणी म्हणेल. मान्य. पण तीन हजार रुपये गेल्यावर ती मुलगी शाळेतच आली होती.

त्या दिवशी माझ्यासमोरच १९३० वर तक्रार नोंदवली. पैसे अजून परत आलेले नाहीत. घरी तिनेच सांगितले, आई शेजारी बसली होती. सध्या ती दुपारी मूल झोपले की हिंदी टायपिंग करते.

— प्राचार्य