उस्ताद, गंजावर लांबी का भरलीत?

उस्ताद,

फोन तुम्ही उचलत नाही. शेडवर आलं की पोऱ्या सांगतो, ‘आत्ताच चिकलठाण्याला गेले, सामान आणायला.’ मग बोलायचं कुणाशी? म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

गाडी तुमच्याकडे कशी आली, आठवतं ना? मी आणली नव्हती, तुम्ही मागून नेली होती. आमच्या फियाट पद्मिनीच्या बॉनेटवर हात फिरवत म्हणालात, ‘साहेब, 1975चा पत्रा आहे, असा आता मिळत नाही. सडलाय तेवढा कापू, नवा जोडू. लांबी भरून चकाकी आणायचं काम आपण करत नाही.’ मी बयाणा तिथंच तुमच्या हातावर ठेवला. पावतीचं नाव काढलं तर तुम्हालाच राग आला.

दिवाळीचा वायदा होता. दिवाळी गेली, पाडवाही गेला. उशिरावरून भांडलो का कधी? फियाटवाल्यांना वाट पाहणं नवं नाही. वडिलांच्या पिढीनं पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट पाहिली. जून 2025 मध्ये मुकुंदवाडीत रस्त्याकडेच्या बांधकामांची पाडापाडी झाली, तेव्हा मीच म्हणालो, ‘आधी तुमचं बघा, गाडी कुठं पळून जात नाही.’ ‘हे विसरणार नाही, साहेब,’ हे शब्द तुमचेच ना?

मग परवा मी काय पाहिलं? ड्रायव्हरच्या बाजूचं मडगार्ड, वर गुळगुळीत प्रायमर. चुंबक लावलं, ते चिकटेचना. कडेला नखानं उकरलं तर जाड लांबी, आणि तिच्याखाली तोच जुना गंज, बोटानं भुगा होणारा. कुठं कापलात पत्रा? कुठं जोडलात? लांबी ओल धरते, आतला गंज वाढतो आणि एक दिवस रंगासकट फुगून वर येतो. हे मला तुम्हीच शिकवलंत, दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवताना.

आणि पुढची जाळी? क्रोमसाठी पाठवली म्हणालात. ती दुसऱ्याच पद्मिनीवर बसलेली दिसली. खालच्या पट्टीवरचा पोचा मला ओळखू येणार नाही, असं वाटलं? पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा प्रीमियरचा कारखाना बंद होऊन वीस वर्षं उलटून गेली. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. असं सामान गेलं की गेलं. तुमच्याहून हे जास्त कुणाला ठाऊक?

2021चा नियम मला तुम्हीच सांगितला होता. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूप राखलेली गाडी असेल तर विंटेजची वेगळी नोंदणी होते. ‘त्या नोंदणीचा व्हीए नंबर लावूनच गाडी देतो,’ म्हणालात. आता आरटीओत कोणतं मूळ रूप दाखवू?

पैशांची अडचण होती तर सांगायचं. कधी हात आखडता घेतला होता मी? काम झेपत नव्हतं तर तेही सांगायचं. वाईट वाटलं असतं, पण तुमच्यावरचा भरवसा तरी राहिला असता. पैसे गेल्याचं दुःख नाही उस्ताद, तुमची शिफारस मी चार जणांकडे केली, त्यांना आता काय तोंड दाखवू?

रविवारी टोचन लावून गाडी घेऊन जातो. बयाणा ठेवा तुमच्याकडे. पण त्याआधी जाळी उतरवून आणा. ती कुणाच्या गाडीवर आहे, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.