फूल आणि दोन पाने
गोव्याच्या विलीनीकरणाचा विषय निघाला की आमच्या सातारा-सांगलीकडे 'चर्चने घात केला' असे कुणीतरी म्हणतोच. मला ते पटत नाही. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोअन्स पक्षामागे ख्रिस्ती मते होती, हे खरेच. पण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या 'फुला'ला १,३८,१७० मते पडली, तर वेगळ्या गोव्याच्या 'दोन पानां'ना १,७२,१९१. गोव्यात ख्रिस्ती निम्मेसुद्धा नव्हते. मग ही पाने हिंदूंनीही निवडलीच ना? त्याच मतदारांनी त्याच वर्षी विलीनीकरणवादी भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले!

लेबनॉनमध्ये ख्रिस्ती कताएब पक्ष १९७५ पासून यादवी युद्धात लढला. इथे वाद मतपेटीत मिटला. आणि विलीनीकरणाविरुद्ध झुंजलेले 'राष्ट्रमत' हे दैनिक चक्क मराठी होते.