शांततेचे वेळापत्रक

ग्रंथालयात मुलांचा गोष्टींचा तास सुरू झाला की पहिली तक्रार येते ती स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांची. ती खोटी नाही. घरात जागा नसलेल्या तरुणांना शांत टेबल मिळते ते इथेच. पण मुलांना ‘गप्प बसा’ म्हणत दाराबाहेर काढले, तर उद्याचे सभासद आणायचे कोठून?

दाभोळसारख्या खाडीकाठच्या गावांत हा पेच अधिक अवघड. शहरातील मोठ्या ग्रंथालयाला वेगळे बालदालन परवडते. गावातले वाचनालय बहुधा एक-दोन खोल्यांत चालते. तिथे भिंत घालता येत नाही, वेळ मात्र वाटून देता येतो. सकाळ अभ्यासकांची, शाळा सुटल्यानंतरचा तास मुलांचा. आणि हे फलकावर ठळक लिहिलेले. आधी ठाऊक असलेला आवाज कमी खुपतो.

दाभोळच्या जिल्ह्यात वाचनाची परंपरा जुनी; रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे. मुलांसाठी लिहिणाऱ्या साने गुरुजींचे पालगडही दाभोळच्याच दापोली तालुक्यातले. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालय ही वाढती संस्था असल्याचे सांगितले. वाढ हवी, तर वाढत्या वयाची मुलेही हवीत.

राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. शासनमान्य वाचनालयांना त्यांच्या वर्गानुसार अनुदान मिळते. ते ठरवताना पुस्तके आणि दप्तर यांच्याबरोबर मुलांसाठी घेतलेल्या तासांनाही वजन द्यावे. ग्रंथपालाच्या तुटपुंज्या मानधनावर हा भार टाकू नये. गावातील निवृत्त शिक्षकांना सोबत घ्यावे. शांतता राखणे हे ग्रंथालयाचे काम आहेच. वाचक घडवणे हे त्याहून मोठे.