नव्या विद्या : घोडा बंदुकीचा नव्हे, दप्तराचा

'ट्रिगर' म्हणजे बंदुकीचा घोडा. पण पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांत हल्ली हा शब्द ऐकू येतो तो शिकारीच्या गप्पांत नव्हे. रात्री दहा वाजता सूनबाई फोनवर म्हणतात, "ट्रिगर फेल झाला," आणि आजी दचकून विचारतात, "कुणाला लागलं तर नाही ना?"

लागते, पण कंपनीला. सेल्सफोर्स ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी १९९९ साली निघाली. गिऱ्हाइके, सौदे, तक्रारी यांचे दप्तर धंदेवाल्याने आपल्या कचेरीत न ठेवता तिच्या यंत्रांवर ठेवायचे, अशी तिची रीत. या दप्तरात नोंद पडली, बदलली वा पुसली गेली की आपोआप सुटणारा हुकूम म्हणजे ट्रिगर. तो एपेक्स नावाच्या भाषेत लिहितात. हुकूम अडखळला तर नोंदच नाकारली जाते. गिऱ्हाईक समोर उभे, आणि विक्रेता पडद्यावरची लाल अक्षरे वाचत बसलेला!

चालणारा ट्रिगर लिहायला फार दिवस लागत नाहीत. दोन वर्षांनी दुसऱ्याला उमजेल असा लिहिणे, हे खरे शिक्षण.

नवशिक्याचा ट्रिगर एका नोंदीवर झकास चालतो. पण सेल्सफोर्स त्याच्या हाती एका वेळी दोनशेपर्यंत नोंदी देते, आणि हा पठ्ठ्या प्रत्येकीसाठी दप्तरात वेगळी चौकशी करतो. फराळाचे सामान आणताना रव्यासाठी एक खेप, साखरेसाठी दुसरी, वेलदोड्यांसाठी तिसरी, असे कोणी करील काय? साध्या व्यवहारात चौकश्यांची मुभा शंभर. एकशेएकावी केली की सारा व्यवहार रद्द, आधीचे कष्टही पाण्यात. हा कंजूषपणा नव्हे. एकाच यंत्रावर अनेक कंपन्यांची बिऱ्हाडे असतात. चाळीच्या नळाला एकानेच हंडे लावून कसे चालेल? म्हणून सर्व नोंदींचे क्रमांक आधी गोळा करावे, चौकशी एकदाच करावी, मग वाटप.

एका खात्यावर एकाच प्रसंगासाठी तीन ट्रिगरही लिहिता येतात. पण त्यांतला कोणता आधी सुटेल याची हमी नाही. म्हणून जाणते लोक एकच ठेवतात, तोही दोन-चार ओळींचा. दारवानाने आल्यागेल्याला आतल्या कारकुनाकडे धाडावे, तसा. खरे काम त्या कारकुनाचे. त्याला हँडलर म्हणतात.

सर्वांत फसवा प्रकार फेऱ्याचा. ग्राहकाची नोंद बदलली म्हणून सौद्याची बदलायची, सौद्याची बदलली म्हणून पुन्हा ग्राहकाची! यावर ठरीव तोडगा असा सांगतात की 'एकदा चाललो' अशी खूण ठेवावी आणि दुसऱ्यांदा आल्यास परत फिरावे. मला तो मुळीच पसंत नाही. पाचशे नोंदी आल्या तर त्यांच्या दोनशे, दोनशे, शंभर अशा पंगती बसतात; खूण मात्र साऱ्या व्यवहाराला एकच. पहिली पंगत जेवून उठते आणि उरलेल्या तीनशे पाहुण्यांना 'जेवणे झाली' म्हणून दारातूनच परत पाठवले जाते. लाल अक्षरेही उमटत नाहीत! त्यापेक्षा जुनी नोंद नवीशी ताडून पाहावी आणि हवी ती बाब खरोखर बदलली असेल तरच हात लावावा.

एपेक्सच्या ७५ टक्के ओळी चाचणीत चालल्याखेरीज नवे काम खऱ्या दप्तरात घेतले जात नाही. मग काही महाभाग ओळी नुसत्या चालवून टक्के भरतात. उत्तर बरोबर आले की नाही हे विचारतच नाहीत. मुलाकडून पाढे म्हणवून घ्यावे आणि स्वतः वर्तमानपत्र वाचत बसावे, त्यातलाच प्रकार. चाचणी दोनशेंहून जास्त नोंदींची घ्यावी, म्हणजे पंगतीचा घोटाळा घरच्या घरी उघडकीस येतो.

कमिशनचा दर वगैरे आकडे हुकमात कोरू नयेत. ते सेटिंग्जमध्ये ठेवावे. जुन्या नोंदी एकदम भरायच्या वेळी ट्रिगर थांबवता येईल अशी कळही असावी. आणि वर एक ओळ लिहावी : हे का केले, कोणाच्या सांगण्यावरून. काय केले ते वाचून कळतेच. दोन वर्षांनी सांगणारा साहेब बदललेला असतो, लिहिणारा बंगळूरला गेलेला असतो, आणि हुकूम ठेवावा की खोडावा हे ठरवायला नव्या मुलीजवळ तेवढी एक ओळच उरते.